आईच्या औषधांची बिलं आणि ८०डी

बिलांकडे वळण्याआधी करपद्धत बघा. २०२३-२४ पासून नवी पद्धत आपोआप लागू होते आणि तिच्यात ८०डी, म्हणजे आरोग्य विम्याचा हप्ता आणि उपचारांचा खर्च यांवरची वजावट, नाही. पगारदाराला जुनी पद्धत रिटर्न भरताना निवडता येते, पण मुदतीच्या आत. उशिरा भरलं की ती वाट बंद, मग फाईल कितीही जाड असो. २०२५-२६ मध्ये ज्यांचं उत्पन्न म्हणजे नुसता पगार आणि तोही पावणेतेरा लाखांपर्यंत, त्यांचा कर नव्या पद्धतीत शून्यच येतो. त्यांनी आत्ता उठून चहा घेतला तरी चालेल.

बाकीच्यांसाठी, लोक हमखास सोडून देतात ती गोष्ट. आई किंवा वडील साठीच्या पुढचे, भारतात राहणारे आणि त्यांच्या नावावर मेडिक्लेम नाही, असं असेल तर त्यांच्या उपचाराचा खर्च ५०,००० रुपयांपर्यंत तुमच्या करपात्र उत्पन्नातून वजा होतो. दोघांचा मिळून ५०,०००, प्रत्येकी नव्हे. ते तुमच्यावर अवलंबून असायला हवेत असं नाही. सासू-सासरे मात्र यात बसत नाहीत.

अडतं ते पैसे देण्यात. मेडिकलवाल्याला रोख दिले की तो खर्च बाद. यूपीआय, कार्ड, चेक चालतं, पण तुमच्या खात्यातून. वडिलांनी स्वतःच्या पेन्शनमधून दिले तर वजावट त्यांची, तुमची नाही. बिलावर पेशंटचं नाव घाला. काउंटरवर घाईत कोणी विचारत नाही, आपणच सांगायचं.

हिशेब असा. आई ७२ वर्षांची, विमा नाही. औषधं महिना ३,२००, म्हणजे वर्षाचे ३८,४००. डॉक्टरची फी आणि तपासण्या ९,०००. झाले ४७,४००. वर ५,००० चं प्रिव्हेंटिव्ह चेकअप (आजार होण्याआधीची तपासणी), फक्त हेच रोखीत चालतं. बेरीज ५२,४००, मिळतात ५०,०००. तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेस (करावरचा उपकर) धरून १५,६०० रुपये वाचतात.

आईची पॉलिसी असेल तर तिच्या औषधांचा खर्च धरता येत नाही, हप्ता धरायचा. तीन वर्षांचा ६०,००० हप्ता एकदम भरला असेल तर दरवर्षी २०,०००.

कॅन्सर, किडनी निकामी होणं, थॅलेसेमिया अशा ठरावीक आजारांना ८०डीडीबी हे वेगळं कलम आहे, त्यातली वजावट ४०,०००, पेशंट साठीच्या पुढचा असेल तर १ लाख. इथे आई-वडील तुमच्यावर अवलंबून हवेत, आणि त्या आजाराच्या तज्ज्ञाचं प्रिस्क्रिप्शन हवं, त्यावर आजाराचं नाव, डॉक्टरची पदवी आणि नोंदणी क्रमांक. फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी चालत नाही. मेडिक्लेमने दिलेली रक्कम खर्चातून नव्हे, या मर्यादेतून वजा होते. खर्च ४ लाख, क्लेम दीड लाख, तर वजावट शून्य. हे ऐकून माणूस हबकतो, पण कायद्याचे शब्द तसेच आहेत.

रिटर्नला बिलं जोडायची नसतात. ८०डीच्या तक्त्यात हप्ता आणि खर्च यांचे रकाने वेगळे आहेत, खर्च हप्त्याच्या रकान्यात टाकू नका. आणि मेडिकलची ती गुळगुळीत कागदाची बिलं मुंबईच्या दमट हवेत सहा महिन्यांत कोरी पडतात. घरी आल्या आल्या मोबाईलवर फोटो काढा, किंवा सरळ झेरॉक्स काढून फाईलला लावा.