दुसरी गोळी कशासाठी?

श्रोतेहो, नमस्कार.

साठीच्या आतबाहेरच्या एक बाई तपासणीला आल्या. त्यांनी गोळ्यांची दोन पाकिटं टेबलावर ठेवली. एक संपत आलेलं, दुसऱ्यातल्या दोनच गोळ्या कमी झालेल्या. मी काही विचारायच्या आतच म्हणाल्या, "डॉक्टर, ही एक मी रोज घेते, कधी चुकत नाही. दुसरी मात्र बंद केली. एकदम दोन-दोन गोळ्या, म्हणजे माझं फारच बिघडलंय का?" दंडाला पट्टा बांधून बीपी घेतलं. वरचा आकडा १८४, खालचा ११०. पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा घेतलं, तरी तेवढंच.

दुसरी गोळी दिली की आजार हाताबाहेर गेला, ही समजूत फार खोलवर रुजलेली आहे आणि ती माणसांचं नुकसान करते. म्हणून आज तिच्याबद्दलच बोलायचं आहे.

रक्तदाब वाढतो तो एकाच कारणाने नाही. हृदय किती जोराने रक्त ढकलतं, रक्तवाहिन्या किती आवळलेल्या आहेत, शरीरात मीठ आणि पाणी किती साठलंय, या सगळ्याचा त्यात वाटा असतो. आपण एक बाजू दाबली की शरीर दुसऱ्या बाजूने भरपाई करू पाहतं. लघवीवाटे मीठ-पाणी काढणारी गोळी घ्या. मूत्रपिंडाला वाटतं, पाणी कमी पडतंय. ते रेनिन नावाचा पदार्थ सोडतं, त्यातून पुढे रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि उतरलेला दाब पुन्हा थोडा चढतो. आता याच वेळी टेल्मिसार्टनसारखी, ही आवळण्याची साखळी तोडणारी गोळी जोडीला असेल, तर शरीराची ती पळवाटच बंद होते. दोन गोळ्यांचा उपयोग नुसता बेरजेचा नाही, त्या एकमेकींचं काम राखतात.

मग पहिल्याच गोळीची मात्रा दुप्पट का करू नये? २००९ मध्ये ४२ चाचण्यांमधल्या सुमारे ११ हजार माणसांची माहिती एकत्र करून हाच प्रश्न तपासला गेला. वेगळ्या गटातलं दुसरं औषध जोडल्याने दाब जितका उतरतो, तो एकाच औषधाची मात्रा दुप्पट करण्याच्या जवळजवळ पाचपट असतो, असं दिसलं. त्रास मात्र मात्रेबरोबर वाढतो. अम्लोडिपीन हे रक्तवाहिन्या सैल करणारं औषध जास्त झालं की संध्याकाळी घोटे सुजतात, मोज्याचा वण पायावर खोल उमटतो. तिथे टेल्मिसार्टन किंवा तीच साखळी तोडणारं रामिप्रिल जोडीला दिलं तर ही सूज बऱ्याच जणांत कमी होते. म्हणजे दुसरी गोळी पहिलीचा त्रासही कमी करू शकते! हे रुग्णाला नीट समजावून सांगायला आम्ही डॉक्टर कमी पडतो, हे मला मान्य आहे.

औषधं नव्हती तेव्हा काय व्हायचं, हेही ऐका. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रुझवेल्ट यांचं बीपी मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ होतं. जगातली उत्तमोत्तम वैद्यकीय सेवा हाताशी होती, पण दाब खरोखर उतरवेल असं औषध नव्हतं. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, तेव्हा दाब ३००/१९० मोजला गेला होता. पुढे १९६७ मध्ये अमेरिकेतल्याच माजी सैनिकांच्या रुग्णालयांतली एक चाचणी प्रसिद्ध झाली. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष त्यात होते. निम्म्यांना औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळ्या, निम्म्यांना तीन औषधं एकत्र. गंभीर घटना दिखाऊ गोळ्यांच्या गटात २७ जणांना, औषधांच्या गटात फक्त दोघांना. त्या तिघांतलं एक होतं रेसर्पिन, आपल्या सर्पगंधेच्या मुळातून मिळालेलं. सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये जगापुढे मांडला होता. तीव्र रक्तदाबावर औषधं एकत्र देणं हे काही आजचं खूळ नाही.

पण कुठलीही दोन औषधं जोडून चालत नाहीत. रामिप्रिल आणि टेल्मिसार्टन, म्हणजे एकच साखळी तोडणारी दोन औषधं, एकत्र देऊन पाहिली गेली. २००८ च्या त्या चाचणीत २५ हजारांहून अधिक माणसं होती. फायदा वाढला नाही, मूत्रपिंडाचा त्रास मात्र वाढला. म्हणून घरातल्या दुसऱ्याची बीपीची गोळी आपल्या गोळीत मिळवू नका. गरोदरपणाचा विचार असेल तर आधीच सांगा, कारण रामिप्रिल आणि टेल्मिसार्टन ही दोन्ही औषधं बाळाला घातक आहेत. आणि अंगदुखीवर आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका. त्या दाब वाढवतात, आणि लघवीच्या गोळीबरोबर मूत्रपिंडावर ताण आणतात.

आकडा १८०/१२० च्या वर गेला आणि जोडीला छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, एका बाजूची शक्ती गेली असेल, बोलणं अडखळत असेल किंवा दिसणं अंधुक झालं असेल, तर वेळ न घालवता रुग्णालय गाठा. यातलं काहीच नसेल, तर बसा, पाच मिनिटांनी पुन्हा मोजा, आकडा तसाच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. निफेडिपीनची कॅप्सूल फोडून जिभेखाली धरू नका. दाब धाडकन पडला तर मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. अशा आणीबाणीत रुग्णालयातसुद्धा बहुतेक वेळा पहिल्या तासात पाव हिश्शापेक्षा जास्त उतरवत नाहीत.

त्या बाईंना मी दोन्ही औषधं एकाच गोळीत लिहून दिली. महिन्याभराने आल्या तेव्हा पाकीट रिकामं होतं आणि वरचा आकडा १४८. अजून उतरायला हवा होता. मी तिसऱ्या औषधाचं नाव काढलं. त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "तेही त्याच गोळीत बसेल का?"

बसतं.