कार्डं घेतली, लगाम राहिला

श्रोतेहो, नमस्कार.

ट्रेलो, जिरा, असाना ही नावं तुमच्या कानांवर आली असतील. कामं नोंदवायची, ती कुठवर आली ते बघायचं, यासाठीची ही सॉफ्टवेअर. मांडणी बहुतेकांची सारखीच. पडद्यावर एक बोर्ड, त्यावर ‘करायचं’, ‘चालू’, ‘झालं’ असे रकाने. प्रत्येक कामाचं एक कार्ड. काम पुढे गेलं की कार्ड ओढून पुढच्या रकान्यात टाकायचं. नव्याची नवलाई असते तोवर सगळे हौसेनं कार्डं सरकवतात. मग ‘चालू’चा रकाना लांबत जातो, बोर्ड उघडावासाच वाटत नाही, आणि साहेब पुन्हा फोनवर येतात: “अहो, त्या कामाचं काय झालं?”

माझ्या मते सगळी गोम त्या मधल्या रकान्यात आहे.

ही कार्डांची पद्धत जपानच्या टोयोटा कारखान्यांतली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात ताइइची ओनो यांनी ती तिथे बसवली. पुढच्या टप्प्यावरच्या कामगारानं सुटे भाग वापरायला घेतले की त्यांच्यासोबतचं कार्ड मागच्या टप्प्याकडे परत जायचं. कार्ड हातात पडल्याशिवाय मागच्यानं नवे भाग करायला घ्यायचे नाहीत. एकूण कार्डं किती फिरणार हे आधीच ठरलेलं, त्यामुळे अर्धवट मालाला आपोआप लगाम बसायचा. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मंडळींनी या शतकाच्या पहिल्या दशकात ही पद्धत उचलली, आणि ज्यांनी ती समजून उचलली त्यांनी ‘चालू’ रकान्यात एका वेळी किती कार्डं राहतील याचा आकडाही ठरवला. बाकी आपण सगळ्यांनी कार्डं घेतली, रंगीत लेबलं घेतली, आकडा तेवढा घ्यायचा राहिला.

त्या आकड्यानं काय होतं? थोडं गणित करू, कागद-पेन्सिल लागणार नाही. समजा, तुमच्या गटाच्या ‘चालू’ रकान्यात 20 कामं आहेत आणि आठवड्याला सरासरी 4 कामं पूर्ण होतात. मग हातात घेतलेलं एक काम संपायला सरासरी किती वेळ लागेल? 20 भागिले 4, म्हणजे 5 आठवडे. आता रकान्यात 8 च कामं ठेवा. माणसं तीच, वेग तोच, आठवड्याला 4 च कामं होताहेत. पण एकेक काम सरासरी 2 आठवड्यांत बाहेर पडतं. जॉन लिटल या अमेरिकी अभ्यासकानं 1961 मध्ये हे सूत्र गणितानं सिद्ध केलं. त्यांचा विषय रांगांचा होता, आणि आपला मधला रकाना म्हणजे दुसरं काय आहे? अर्थात हा सरासरीचा हिशोब झाला. जितकी कामं येतात तितकीच संपत असतील, तरच तो नीट जुळतो.

वरिष्ठांना हे पटवणं मात्र कठीण जातं. त्यांच्यासमोर पंचवीस कामं ‘चालू’ दिसली की त्यांना बरं वाटतं. कोणी रिकामं दिसलं की अस्वस्थ वाटतं. आकडा भरलाय आणि एकाचं काम संपलंय, अशा वेळी त्यानं नवं काम न उचलता सहकाऱ्याचं अडलेलं काम सोडवायला जायचं असतं. बहुतेक ठिकाणी कामं अडतात ती तपासणीपाशी. करणाऱ्यानं केलेलं असतं, तपासणाऱ्याला सवड नसते. म्हणून ‘तपासणी’चा रकाना वेगळा ठेवा आणि त्यालाही आकडा लावा. गर्दी कुठे होते ते लगेच कळतं.

आता कार्डाविषयी. ‘वेबसाइट’ एवढंच लिहिलेलं कार्ड कधीच संपत नाही. ‘संपर्काच्या पानावरचा जुना फोन नंबर बदलणे’ हे कार्ड संपतं, कारण ते संपलं की नाही यावर वाद होऊ शकत नाही. कार्डावर नाव एकाचंच असावं. असानामध्ये एका कामाला एकच जबाबदार माणूस नेमता येतो, जिरातही मूळ सोय तशीच आहे. ट्रेलोमध्ये एकाच कार्डावर कितीही जणांना जोडता येतं, आणि चौघांची नावं असली की प्रत्येकाला वाटतं, बाकीचे तिघं बघताहेत. तिथे गटानं आपसांतच ठरवून घ्यायचं: पहिलं नाव असेल त्यानं उत्तर द्यायचं.

‘इतके टक्के काम झालं’ हा रकाना मला बिलकूल आवडत नाही. नव्वद टक्क्यांवर पोचलेलं काम तिथेच मुक्काम ठोकतं. त्यापेक्षा त्या कामाचे लहान तुकडे करा; प्रत्येक तुकडा एक तर झालेला असेल, नाही तर नसेल.

मुदतीचंही तसंच. प्रत्येक कार्डावर तारीख घातली की निम्मी कार्डं लाल होतात, आणि मग लाल रंगाकडे कोणी बघत नाही. एकावर एक अवलंबून असलेल्या कामांची जी सर्वांत लांब साखळी असते, तिच्यावर प्रकल्पाची शेवटची तारीख ठरते. 1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या बांधकाम-दुरुस्तीच्या कामांसाठी हा हिशोब पद्धतशीर बसवला गेला. त्या साखळीतल्या तारखा काटेकोर पाळा. बाकीच्या कामांना थोडी ढील असते. एखादं काम अडलं असेल तर कार्डावर तसं स्पष्ट लिहा: कशासाठी अडलं, कोणाकडून काय हवंय, आणि त्याला पुन्हा कधी विचारणार. नुसतं ‘पेंडिंग’ लिहिलं तर फोन येणारच.

राहिला ‘करायचं’ हा पहिला रकाना. तिथे वर्षानुवर्षांच्या कल्पना साठतात आणि आठवड्याच्या बैठकीत त्यांचीच उजळणी होत बसते. सहा महिन्यांत कोणी हात न लावलेली कार्डं खुशाल आर्काइव्ह करा. ती पुसली जात नाहीत, शोधली की सापडतात. आणि कार्ड दिसेनासं झाल्यावर एखाद्यानं विचारलंच, तर ते त्याच्याच नावावर परत आणा.