सुर्ल्याचा सडा: चढ सकाळचा, कस उताराचा

[दृश्य: पहाट. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातलं पायथ्याचं गाव, काजूच्या बागायतीमागे सह्याद्रीची भिंत.]

डिसेंबरात इथं सूर्य सातच्या सुमारास उगवतो, पण डोंगरामागून. गोव्याकडचा सह्याद्री पश्चिमेला तोंड करून उभा आहे. त्यामुळे माथा उजळला तरी खालच्या चढावर बराच वेळ सावली असते. चढ त्या सावलीतच उरकायचा. दुपारी हीच बाजू मावळतीपर्यंत तापते.

पायथा समुद्रसपाटीपासून जेमतेम १०० मीटरवर, माथ्यावरचा सडा, म्हणजे कातळाचं सपाट पठार, ७००-८०० च्या घरात. उंची फार नाही, पण हवा दमट. घाम येतो, वाळत नाही, आणि वाळला नाही की अंग निवत नाही. म्हणून माणशी ३ लिटर पाणी घ्यायचं. त्यातल्या एका लिटरात ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ आणि चवीला आमसूल. वाटेतल्या झरींवर विसंबू नये, उन्हाळ्याकडे त्यातल्या बऱ्याच आटतात.

वेळेचा हिशेब निघण्याआधीच करायचा. स्कॉटलंडच्या नेइस्मिथनं १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही चालतो: दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक. येऊन-जाऊन १४ किलोमीटर आणि ७०० मीटर चढ, म्हणजे साधारण ४ तास. पण हा हिशेब मोकळ्या डोंगरावरचा. सत्तरीच्या रानात झुडपांतून, मुळांवरून, घोळक्यानं चालताना तो दीडपट ते दुप्पट धरावा. सातला निघून साडेअकरापर्यंत सडा गाठला नाही, तर जिथं असाल तिथून मागं फिरायचं.

[दृश्य: सड्याची कड. वाट गवतात शिरते आणि दिसेनाशी होते.]

खरी गफलत होते ती इथं. जांभ्याच्या कातळावर पाऊल उमटत नाही, त्यावर उंच वाळलेलं गवत. चढताना जी वाट आपसूक वर घेऊन आली, तिचं तोंड परतताना सापडत नाही. सड्यावर पाय ठेवताच मागं वळून फोटो काढा, एखादं ठळक झाड किंवा खडक हेरून ठेवा, ती जागा मोबाईलच्या ऑफलाइन नकाशावर खूण करा. खोल घळीत जीपीएस भरकटतं, उघड्या सड्यावर मात्र नेमकं असतं.

वाट चुकली की माणूस ओहोळ धरून खाली उतरू लागतो, पाणी गावाकडेच जाणार म्हणून. या डोंगरात ते जिवावर बेततं. ईशान्य सत्तरीचा हा भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा. थर एकावर एक, मधे सरळ कडे. ओहोळ त्या प्रत्येक कड्यावरून उडी घेतो. पहिली पायरी उतरता येते, दुसरी येत नाही, आणि पहिलीवर परत चढणंही जमत नाही. शंका आली की जिथवरची वाट खात्रीची होती, तिथवर मागं चढून जायचं, कितीही दमलात तरी.

[दृश्य: उतार. बूट जवळून.]

उतरताना नाडी घोट्याशी घट्ट हवी, नाहीतर बोटं पुढं आदळून नखं काळी पडतात. पावलं आखूड, गुडघा किंचित वाकलेला. वाळक्या पानांखाली जांभ्याचे गोल खडे घरंगळतात, तिथं पूर्ण तळवा टेकवायचा. एकांडा गवा दिसला तर थांबून, वाट त्याला सोडून, हळूच मागं सरायचं.

हे म्हादई अभयारण्य आहे, १९९९ पासूनचं, २०८ चौरस किलोमीटरचं. वनखात्याची परवानगी आणि गावातला वाटाड्या, दोन्ही हवेत.

[दृश्य: हातावरची गोचीड.]

२०१५ साली सत्तरीत माकडताप आढळला. तो गोचिडीतून येतो, आणि कोरड्या महिन्यांत तिची पिल्लं मोहरीहून लहान असतात. पाचोळ्यावर बसू नका, पँट मोज्यात खोचा, मेलेलं माकड दिसलं तर दूर राहून वनखात्याला कळवा. चिकटलेली गोचीड बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढायची. रॉकेल नको, काडीचा चटका नको. घरी येताच काखा, जांघा, गुडघ्यामागच्या घड्या तपासा, कपडे गरम पाण्यात टाका. पुढच्या आठ-दहा दिवसांत ताप आला, तर सत्तरीच्या रानात जाऊन आल्याचं डॉक्टरांना आधी सांगा.