नाचणारीच्या पाठीमागे

कैरो. अताबा चौकातून किल्ल्याकडे जाणारा हा रस्ता. लांबी जेमतेम दोन किलोमीटर. इजिप्तचा खेदिव, म्हणजे राज्यकर्ता, इस्माईल यानं १८७०च्या दशकात जुनं शहर उभं कापून, पॅरिसच्या धर्तीवर तो काढला आणि आजोबांचं नाव दिलं: मोहम्मद अली.

गंमत बघा. याच मोहम्मद अली पाशानं १८३४ साली नाचणाऱ्या बायकांना कैरोतून हद्दपार केलं होतं. थेट दक्षिणेला, कना, इस्ना, अस्वानकडे पिटाळलं. आणि पुढे त्याच्याच नावाच्या रस्त्यावर नाचणाऱ्यांची, वाजवणाऱ्यांची बिऱ्हाडं थाटली.

जग ज्याला बेली डान्स म्हणतं, तो इथे रक्स शर्की. पूर्वेकडचा नाच. नाव सगळ्यांना ठाऊक असतं ते नाचणारीचं. तहिया कारिओका, सामिया गमाल. दोघींनाही पुढे आणलं ते बदिया मसाबनीनं, १९२६ मध्ये कैरोत स्वतःचं नाट्यगृह काढणाऱ्या बाईनं. पण आपण आज बदियाच्या झगमगाटात थांबणार नाही. आपल्याला गल्लीत जायचंय.

इथे फडाची मालकीण असायची. तिला म्हणत उस्ता. लग्नाची सुपारी तीच घ्यायची, भाव तीच ठरवायची, किती वादक न्यायचे हेही तीच सांगायची. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना आपसात बोलायचं कसं? त्यासाठी या मंडळींची चोरभाषाच होती, सीम. बाहेरच्याला ओ की ठो कळू नये अशी.

लग्नाच्या मांडवात आणखी एक असामी असते: नबतशी. याच्या हातात माईक. दौलतजादा करणाऱ्याकडून नोटा घ्यायच्या आणि त्याच्या नावाचा, त्याच्या मोहल्ल्याचा असा काही पुकारा करायचा की शेजारच्याचा हात आपसूक खिशाकडे जावा. तो नाचत नाही, वाजवतही नाही. पण कमाईचा ओघ त्याच्या जिभेवर.

आता हा तबला बघा. आपल्या डोळ्यांसमोर जोडी येते. कैरोतला तबला एकच, सुरईच्या आकाराचा, मांडीवर आडवा घेतलेला. पूर्वी मातीचा, वर माशाची कातडी. हवेत ओल आली की कातडी सैल पडते, म्हणून आत दिवा लावून ती शेकायची. आता ओतीव ॲल्युमिनियम आणि प्लास्टिकचं पान. शेकण्याची कटकट गेली. तो मातीचा आवाजही गेला, असं मला तरी वाटतं.

दुम-तक, तक-दुम, तक. हा मक्सूम नावाचा ताल. वाजवणाऱ्याच्या हातांकडे नको, डोळ्यांकडे बघा. नजर तिच्या कमरेवर खिळलेली. झटका कुठे येणार हे त्याला क्षणभर आधी कळावं लागतं. चुकला, तर लोक म्हणणार बाईचा ताल गेला.

आणि ॲकॉर्डियन! युरोपातून आलेली पेटी, तिच्यात अरबी मकामांचे, म्हणजे तिथल्या रागांचे, पाव स्वर कुठले असणार? मग इथल्या कारागिरांनी ती उघडली, आतल्या पत्त्या घासून नव्यानं सुरात लावल्या. आज बलदीचा, म्हणजे गावरान ढंगाच्या नाचाचा, संथ आलाप याच पेटीवर निघतो, आणि तबला मागून हळूच आत शिरतो.

पोशाखाला म्हणतात बदला. खान अल-खलिलीच्या बाजारात तो टांगलेला दिसतो. हातात घेतला की मण्यांचं वजन कळतं. प्रत्येक मणी कुणीतरी सुईनं ओवलेला असतो. पोस्टरवर त्या ओवणाऱ्या हातांचं नाव नसतं.

आता लग्नात डीजे. या रस्त्यावर फर्निचरची दुकानं वाढली. दुसरीकडे राकिया हसनसारख्या शिक्षिकेनं २००० साली महोत्सव सुरू केला आणि जगभरातून बायका कैरोला शिकायला येऊ लागल्या.

वाद्यांची काही दुकानं मात्र अजून आहेत. छताला ऊद, ती अरबी तंतुवाद्यं, टांगलेली. एक गिऱ्हाईक तबला मांडीवर घेतं, पानावर बोट फिरवतं आणि एकच थाप मारतं. दुम. दुकानदार मान हलवतो. दुसरा काढून देतो.