आतून कडी लागेल अशी जागा

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या पावसाळ्यात वडील गेले आणि माझी झोप उडाली. रात्री दोन-अडीचला जाग यायची, मग उजाडेपर्यंत पंख्याकडे बघत पडायचं. शाळेत मुलांवर उगाच खेकसायला लागलो, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, आता कुणाशी तरी बोला." पुण्याच्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंची ऑनलाइन वेळ घेतली. बुधवारी संध्याकाळी सात.

नाशिकला सिडकोतलं आमचं घर दोन खोल्यांचं. मी आतल्या खोलीत, दार लोटलेलं, कानात इअरफोन. बाहेर आईची मालिका चालू. बोलता बोलता जाणवलं, मालिकेचा आवाज बारीक बारीक होत चाललाय. आईला कशी नावं ठेवणार? पोराच्या काळजीनं तिनं कान लावायचे नाहीत तर कुणी? पण त्या दिवशी मी "तसं बरं आहे" एवढंच म्हणत राहिलो. तेही फी भरून!

पुढच्या बुधवारी गाडी काढली, गंगापूर रोडला सोमेश्वरच्या अलीकडे झाडाखाली लावली, काचा वर केल्या आणि मोबाइल स्टिअरिंगला टेकवला. दोनदा रेंज गेली. एकदा शेंगदाणेवाल्यानं काच वाजवली. तरी त्या दिवशी वडील गेल्यापासून पहिल्यांदा रडलो.

म्हणून ऑनलाइन थेरपी आपल्याला जमेल का, असं कुणी विचारलं की मी इंटरनेटचं नंतर विचारतो. आठवड्यातून तासभर, कुणाच्या कानावर जाणार नाही अशी जागा आहे का? गच्चीवर टाकीमागे चालेल, मळ्यातली मोटारीची खोली चालेल. पण ज्याची भीती वाटते तोच माणूस तुमचा मोबाइल तपासत असेल, तर मोबाइलवर बोलू नका. मानसशास्त्रज्ञांकडे समोरासमोर जा.

जागा मिळाली तर सोय मोठी आहे. सुरगाण्याहून किंवा पेठहून नाशिकला यायचं म्हणजे एसटीत दिवस मोडतो, रोजही बुडतो. अंबड-सातपूरला पाळीत काम करणाऱ्याला दुपारी चारची वेळ कशी जमणार? आणि नाशिक कितीही वाढलं तरी दवाखान्याच्या बाकावर मामेसासरे भेटतातच.

काही दुखणी मात्र पडद्यावर सोडू नयेत. जिवाचं बरंवाईट करावं असं वाटतंय, कानात आवाज येतात, रात्र-रात्र झोप नाही तरी अंगात वारं भरल्यासारखं होतंय, दारू सोडताना हातपाय थरथरतात, अशा वेळी घरच्या कुणाला तरी सोबत घेऊन थेट डॉक्टरांकडे जायचं. औषध लिहून द्यायचं काम मानसोपचारतज्ज्ञांचं, म्हणजे डॉक्टरांचं. मानसशास्त्रज्ञ बोलून उपचार करतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्यांची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असावी लागते. तो नंबर बिनधास्त मागा. मला तर वाटतं, नंबर विचारल्यावर जो रागावतो, तिथेच निकाल लागला. उलट पहिल्याच दिवशी तुम्ही आत्ता कुठे बसला आहात आणि अडीअडचणीला घरच्या कुणाला फोन करायचा, हे विचारणारा माणूस जाणता समजावा.

भाषेचंही बघा. पुण्याच्या बाईंच्या आधी मला इंग्रजीत बोलणारे एक गृहस्थ मिळाले होते. "ग्रीफ" म्हणालो आणि गाडी तिथेच अडली. बापाच्या पायांना शेवटचं तूप लावलं, ते कसं सांगणार इंग्रजीत?

तीन-चार वेळा बोलून बघा. नाहीच सूर जुळला तर माणूस बदला, त्यात भिडेचं काही नाही. आणि फीचीच अडचण असेल, किंवा सुरुवात कुठून करावी कळत नसेल, तर १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे. केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला तो सुरू केला; फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

माझं अजून चालू आहे. हल्ली बुधवारी पावणेसातला आईच गाडीची किल्ली हातात देते, वर डब्यात दोन लाडू. बोलून भूक लागते, म्हणते.