वेडा कोणाचा?

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय 'मानसिक आजाराचे कायदे : 1858 ते 2017'. त्यावर मी बोलणार आहे, घाबरू नका. पण आधी जरा रिद्धपूरला जाऊन येऊ. एक गोष्ट बरीच वर्षं डोक्यात घोळतेय आणि घरचे आता ती ऐकून घेत नाहीत. तुम्ही खुर्च्यांत अडकलेले आहात.

त्याआधी, ठाण्याहून कोणी आलंय का? बघा, लगेच हसलात! येरवडा म्हटलं तरी हसाल, रत्नागिरी म्हटलं तरी हसाल. नागपूरकर उगाच साळसूद चेहरा करून बसलेत. तुमच्याकडे तर मनोरुग्णालय 1864 पासून आहे.

तर रिद्धपूर. अमरावती जिल्ह्यातलं गाव. आता तिथे मराठी भाषा विद्यापीठ झालंय, म्हणून वर्तमानपत्रांना ते सापडलं. तेराव्या शतकात तिथे गोविंदप्रभू राहायचे, लोक त्यांना 'राऊळ' म्हणत. चक्रधरस्वामींचे गुरू, महानुभाव पंथ ज्या पाच अवतारांना परमेश्वर मानतो, त्या पंचकृष्णांपैकी एक. त्यांच्या लीळा म्हाइंभटांनी लिहून ठेवल्या. आणि हा परमेश्वर वागतो कसा? कोणाच्याही घरात शिरतो, समोर दिसेल ते तोंडात टाकतो. पोरांबरोबर खेळतो, पोरांसारखा रुसतो. एकटाच बोलतो, मध्येच हसतो. मातंगांच्या वस्तीत जातो नि तसाच परत सोवळ्याच्या घरांत येतो. माणसं कावतात, म्हणतात, 'राऊळ वेडे, राऊळ पिसे!' आणि त्याच गावात कोणाची अडचण निवारली की, 'राऊळ माय, राऊळ बाप!' आळीही तीच, माणसंही तीच.

माझ्या एका डॉक्टर मित्राला हे वाचून दाखवलं, तर तो निदानच सांगायला लागला. म्हटलं, अरे, सातशे वर्षांपूर्वीचा पेशंट, आणि तुझी फी कोण देणार? मला मौज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. राऊळ वेडे की देव, हा निकाल रिद्धपूरने लावलाच नाही. त्यावाचून गावाचं काही अडलं नाही. जेवायला घातलं, शिव्या घातल्या, पाया पडले, तिन्ही चालू होतं.

आता लगेच 'आपली संस्कृती किती थोर' म्हणून टाळ्या वाजवू नका. राऊळ जन्माने ब्राह्मण होते. हाच माणूस त्या मातंगांच्या वस्तीत जन्मला असता आणि असाच ब्राह्मणाच्या चुलीपर्यंत गेला असता, तर लीळा कोणी लिहिल्या असत्या? पाठीवर वळ उठले असते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, आणि आज तेच सांगायला आलोय. वेड म्हणजे काय, हा प्रश्न समाज फार थोड्या वेळा विचारतो. तो विचारतो, ह्याला सांभाळायचं कोणी? ज्याच्या गळ्यात ती जबाबदारी पडते, तोच मग वेड म्हणजे काय ते ठरवतो. देवळाच्या गळ्यात पडली तर बाधा, पोलिसाच्या पडली तर गुन्हा, डॉक्टरच्या पडली तर आजार.

देवळाचं उदाहरण फलटणचं. विएडा स्कल्टन्स नावाच्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी 1980च्या दशकात महानुभावांच्या मंदिरात राहणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास केला. आजारी माणसाबरोबर आई नाहीतर बायको येते, महिनोन्महिने तिथेच राहते. आणि अंगात कोणाच्या येतं? पुष्कळदा त्या बाईच्याच! नवऱ्याचं, मुलाचं दुखणं आपल्यावर यावं नि तो सुटावा, असं तिचं देवाकडे मागणं असतं. घरचं दुखणं कोणाच्या खांद्यावर येऊन पडतं, हे याहून उघड कुठे दिसेल?

आता एक घरचं रडगाणं. माझा मावसभाऊ, स्किझोफ्रेनियाचा पेशंट. त्याचा अपंगत्वाचा दाखला काढायला एका सरकारी रुग्णालयात गेलो होतो. आपल्याकडे वेडाचे टक्के काढतात. स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं, कामधंदा, असे गुण देतात. आजार किती वर्षांचा, तेही धरतात. चाळीस टक्के झाले की सवलत. मला शाळेत गणितात तेवढे पडायची मारामार होती. भावाला त्या दिवशी मी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून नेलं होतं. खिडकीतले गृहस्थ वर बघून म्हणाले, 'हे तर बरे दिसतात की!' मागून एक अनुभवी बाई कानात कुजबुजल्या, 'पुढच्या वेळी आंघोळ न घालता आणा.' पुढच्या वेळी मी तसंच केलं. दाखला मिळाला.

रकाना भरायची ही हौस जुनी आहे. इंग्रजांच्या वेड्यांच्या इस्पितळांत 'वेडाचं कारण' असा रकाना असायचा. माणूस रस्त्यावरून उचलून आणलेला, मागचं-पुढचं कोणाला ठाऊक नाही, मग पोलीस लिहायचे 'गांजा'. पुढे त्याच नोंदींवरून गांजाने वेड लागतं असा सिद्धांत निघाला! 1893-94 साली सरकारने आयोग नेमून नोंदी तपासल्या, तेव्हा त्यातल्या बऱ्याच टिकल्या नाहीत.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं म्हणतात. म्हणजे आता खरा विषय सुरू करतो.

मुंबईत कुलाब्याला 1826 साली इस्पितळ निघालं. 1858च्या कायद्याने मोकाट फिरणाऱ्या वेड्याला पकडून मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं काम पोलिसांकडे गेलं. म्हणजे सांभाळणारा कोण, तर सरकार, आणि कशासाठी, तर रस्ता मोकळा राहावा म्हणून. 1912च्या कायद्यातही मॅजिस्ट्रेट राहिलाच. स्वातंत्र्य मिळालं, घटना झाली, तरी तोच कायदा चालू. 1987चा नवा कायदा प्रत्यक्षात आला 1993 साली! दरम्यान इस्पितळांच्या भिंती तशाच, आणि बाहेर देवस्थानांत साखळ्या तशाच. 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ आग लागली, त्यात बांधून ठेवलेली 28 माणसं गेली. आपल्याकडे 2013चा जादूटोणाविरोधी कायदा भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं-मारणं गुन्हा ठरवतो, पण त्यासाठी दाभोलकरांचा खून व्हावा लागला.

2017चा कायदा चांगला आहे. साखळीला बंदी, भूल दिल्याशिवाय शॉक द्यायचा नाही, आणि आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यायचे ते पेशंटनेच आधी नेमून ठेवायचं. पण त्याने नेमायचं कोणाला? बरी झालेली कितीतरी माणसं इस्पितळातच पडून राहतात, कारण न्यायला कोणी येत नाही. आपल्या राज्यात अशांना भिकारीगृहात, वृद्धाश्रमात हलवायला लागले होते. 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवायला सांगितलं.

दुसरी चिठ्ठी आली. अपंगत्वाच्या 2016च्या कायद्यावरचे प्रश्न बाहेर चहाला विचारा.