बीज वाढवणारी औषधं आणि रोमच्या नन

श्रोतेहो, नमस्कार. लग्नाला दोन-तीन वर्षं झालेली, पाळी कधी चाळीस दिवसांनी तर कधी दोन महिन्यांनी, आणि दिवस राहत नाहीत. अशा वेळी डॉक्टर बहुधा एक छोटी गोळी लिहून देतात, लेट्रोझोल नाहीतर क्लोमिफीन. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस. या गोळीमुळे मेंदूतली पीयूषिका ग्रंथी एफएसएच हे संप्रेरक जास्त सोडते आणि बीजकोषातलं बीज वाढीला लागतं. गोळीनं भागलं नाही, तर तेच संप्रेरक इंजेक्शनातून देतात.

या इंजेक्शनाची जन्मकथा मला फार आवडते. पाळी कायमची गेली की बीजकोष थंडावतो, पण पीयूषिका एफएसएच सोडतच राहते, उलट जास्त सोडते. ते लघवीवाटे बाहेर पडतं. रोमच्या सेरोनो कंपनीतल्या पिएरो दोनिनी या रसायनशास्त्रज्ञानं 1940 च्या दशकाच्या अखेरीस अशा लघवीतून ते वेगळं काढलं. नाव ठेवलं पर्गोनाल. पण त्याचं करायचं काय, हे कुणाला सुचेना. पुढे 1957 च्या सुमारास ब्रुनो लुनेनफेल्ड हा तरुण डॉक्टर कंपनीच्या दारात आला. यातून मूल होऊ शकेल, म्हणाला, फक्त लघवी हवी हजारो लिटर. तीही पाळी गेलेल्या बायकांचीच, त्यात एकाही गरोदर बाईची मिसळता कामा नये. संचालकांनी साफ नकार दिला.

मदतीला आले संचालक मंडळावरचेच एक गृहस्थ, जुलिओ पाचेली. हे पोप बारावे पायस यांचे पुतणे! त्यांनी वाट दाखवली ती थेट चर्चच्या वृद्धाश्रमांची. तिथल्या म्हाताऱ्या ननांची लघवी रोज गोळा होऊ लागली, टँकर भरभरून कारखान्यात जाऊ लागले. एका बाईच्या एका उपचाराला साधारण दहा ननांची दहा दिवसांची लघवी लागे, असा हिशेब सांगतात. आणि 1962 मध्ये इस्रायलमध्ये या औषधानं पहिलं बाळ जन्मलं, मुलगी. आपल्याकडे 1978 मध्ये कोलकात्यात जन्मलेल्या दुर्गाच्या, म्हणजे देशातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाच्या, आईला डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी दिलं तेही याच जातीचं औषध.

ज्यांनी कधी मूल जन्माला घातलं नाही, अशा बायकांच्या देहातून इतरांच्या घरी पाळणे हलले. आपल्याकडे मात्र डोहाळजेवणात मूल नसलेल्या बाईला ओटी भरायला पुढे येऊ देत नाहीत. हे बंद झालं पाहिजे. आणि दवाखान्यांच्या भिंतींवरचे ते गुटगुटीत बाळांचे फोटोही काढून टाका, समोर तासन्‌तास कोण बसलेलं असतं याचा विचार करा.

असो. आता कामाचं. गोळी सुरू करण्याआधी नवऱ्याची वीर्यतपासणी झालीच पाहिजे. पुन्हा सांगते, आधी नवऱ्याची तपासणी. तिथे दोष असेल तर तिनं महिनोन्‌महिने गोळ्या खाऊन काय उपयोग?

लेट्रोझोल घेताना काहीजणी घाबरतात, कारण ती मुळात स्तनाच्या कर्करोगाची गोळी. 2011 मध्ये आपल्या सरकारनं वंध्यत्वासाठी तिच्यावर बंदीही घातली होती, 2017 मध्ये ती उठवली. पीसीओएस, म्हणजे बीजकोषातली बीजं पूर्ण न वाढता राहून पाळी अनियमित होण्याचा विकार, असलेल्या बायकांमध्ये ती क्लोमिफीनपेक्षा सरस ठरली आहे.

सोनोग्राफी मात्र चुकवू नका. बीजाची पिशवी अठरा-वीस मिलिमीटर झाली का, आणि किती पिशव्या वाढल्या, हे तिथेच दिसतं. जास्त वाढल्या तर जुळी-तिळी राहण्याचा धोका, म्हणून जावेची चिठ्ठी दाखवून दुकानातून गोळी आणू नका.

आणि इंजेक्शनं चालू असताना पोट एकाएकी फुगलं, उलट्या थांबेनात, दम लागला, लघवी कमी झाली, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री डॉक्टरांना फोन करा आणि दवाखाना गाठा. पोट फुगलं, दम लागला, लघवी कमी झाली, तर त्याच रात्री. नमस्कार.